नऊचं इंजिन

वाघबीळ सोडून पन्हाळ्याचा खरा चढ लागला तशी दस्तगीरमामांनी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये घातली आणि म्हणाले, “काचा वर घ्या.”

आम्ही तिघं होतो. मामा स्टिअरिंगवर, मी शेजारी, मागच्या सीटवर मामांचा मुलगा इलाही. गाडी एका वकिलाची अँबेसेडर, इंजिन आम्हीच नवं बांधलेलं. मामांनी अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला. गाडी घुमली, वर चढायला लागली, आणि बॉनेटखालून आवाज सुरू झाला. पत्र्याच्या डब्यात मूठभर वाटाणे टाकून हलवावेत तसा.

“वाजतंय काय?” मामांनी विचारलं.

“वाजतंय, अब्बा,” इलाही मागून म्हणाला.

मामांनी गाडी थांबवली, वळवली, पुन्हा खाली नेली आणि पुन्हा चढावर घातली. तेच वाटाणे. इलाही पुन्हा तेच म्हणाला. मग मामांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. “सर्जेराव, तू सांग. वाजतंय काय?”

“नाही, मामा,” मी म्हणालो.

आज या गोष्टीला तीसेक वर्षं झाली. या तीस वर्षांत मी पुष्कळ खोटं बोललोय, गॅरेजवाल्याला ते चुकत नाही. उद्या देतो म्हणून परवा गाडी दिलीय. पण त्यातलं काही लक्षात नाही. हे तेवढं लक्षात आहे.

मामांचं गॅरेज कोल्हापुरात उद्यमनगरात होतं. तिथं फाउंड्रीवाले, लेथवाले, कटाई करणारे शंभर, पण जुन्या गाडीचं इंजिन बांधावं तर दस्तगीर शिकलगारांनी, हे बेळगावपासून साताऱ्यापर्यंत लोकांना ठाऊक होतं. त्यांची पद्धत ठरलेली. इंजिन बांधून झालं की ते स्वतः गाडी घेऊन या चढावर यायचे. पेट्रोल इंजिनात ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा एक डबा असतो, डिस्ट्रिब्युटर. तो हातानं केसभर फिरवता येतो. ठिणगी लवकर पडली की ताकद वाढते, जास्तच लवकर पडली की पेट्रोल आत भलत्या वेळी भडकतं आणि पिस्टनच्या डोक्यावर हातोडा बसतो. तो हातोडा म्हणजे हे वाटाणे. मामा चढावर आवाज येईपर्यंत डबा पुढं फिरवायचे, मग आवाज जाईपर्यंत अगदी थोडा मागं घ्यायचे, आणि तिथं मामींच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचे. मामांचा ठिपका पडला की त्या डब्याला कुणी हात लावायचा नाही. हा गॅरेजचा कायदाच होता, आणि मामांच्या हाताखाली पंधरा वर्षं तो मी पाळला होता.

मग मामांचे कान गेले. सगळे नाही. समोर बसून बोललं की त्यांना कळायचं, ओठ बघून निम्मं समजून घ्यायचे. पण बारीक आवाज गेले. पाखरं गेली, सायकलची घंटी गेली आणि हे वाटाणेही गेले. आयुष्यभर लोखंडाच्या खणखणाटात बसलेला माणूस, दुसरं काय होणार? अँबेसेडरच्या आधी चारेक महिने माझ्या ध्यानात आलं होतं. चढावर इंजिन खडखडत असायचं, मामा शांतपणे समोर बघत असायचे आणि विचारायचे, “वाजतंय काय?” पाहुण्याला आपण ‘जेवणार का’ विचारतो आणि पाहुणा ‘नको नको, आत्ताच झालं’ म्हणतो, तसा मला तो प्रश्न वाटायचा. उत्तर ठरलेलं. ‘वाजतंय’ म्हणणं म्हणजे ‘मामा, तुम्ही बहिरे झालात’ असं तोंडावर सांगणं. माझी ती छाती नव्हती. मी नाही म्हणायचो, गॅरेजवर परत आलो की मामा नमाजाला गेलेले बघून डबा मागं घ्यायचो, त्यांचा ठिपका खरवडून काढायचो आणि त्याच बाटलीतून नवा द्यायचो. गाडी शाबूत, मामांचा मान शाबूत. आपण काय हुशारी केली, असं मला वाटायचं.

त्या दिवशी इलाही मध्ये आला. सव्वीस वर्षांचं पोरगं, पुण्यात दोन वर्षं काम करून नुकतंच परत आलेलं. त्याला आमचं हे गुपित ठाऊक नव्हतं. त्याला आवाज आला, त्यानं सांगितलं. माझं ‘नाही’ ऐकल्यावर मामा स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाले, “दोघांतला एक खोटं बोलतोय.”

मी आरशात बघितलं. इलाही माझ्याकडंच बघत होता. रागानं नाही, मी आता तरी बोलेन म्हणून. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. मामा त्याला म्हणाले, पुण्याला जाऊन मोठा मिस्त्री झालास, बापाच्या हातच्या कामाला नावं ठेवायला लागलास. तो दार उघडून उतरला आणि घाटातून चालत निघाला. दीड महिन्यात तो मस्कतला गेला, तिथल्या कुठल्याशा गॅरेजात लागला. घरी आईला पत्र यायचं, त्यात बापाच्या नावानं एक ओळ नसायची. खोटं कशाला सांगू, तो गेल्यावर गॅरेजची किल्ली माझ्याकडं आली आणि ती मला जड झाली नाही.

पुढं दोन वर्षं असंच चाललं. एक गोष्ट मात्र मला खटकायला लागली होती. मामा कॉम्प्रेशन वाढवत चालले होते.

आता कॉम्प्रेशन म्हणजे काय, तर पेट्रोलची वाफ पिस्टन किती दाबतो त्याचा आकडा. आठ म्हणजे आठपट दाबली. इंजिनच्या वरच्या झाकणाचा, म्हणजे हेडचा, तळ घासून पातळ केला की आतली जागा कमी होते आणि आकडा वाढतो. आकडा वाढला की इंजिन जवान होतं, पण पेट्रोल चांगलं लागतं आणि ठिणगीची वेळ अगदी बिनचूक लागते, नाहीतर तोच हातोडा. आमच्याकडं येणाऱ्या जुन्या गाड्या सात-साडेसातच्या. रस्त्यावर रोज चालवायची गाडी, पंपावर मिळेल ते पेट्रोल, त्यात रॉकेल किती ते देव जाणे. मामांनी स्वतः मला शिकवलं होतं की असल्या गाडीला पावणेआठच्या वर जायचं नाही. आणि आता तेच मामा आठ करत होते, सव्वाआठ करत होते. मध्ये एका अंबपच्या पाटलांच्या गाडीला त्यांनी साडेआठ केलं. मला वाटलं, म्हातारपणी हौस आलीय. मी आपला प्रत्येक वेळी डबा आणखी थोडा मागं घेत होतो.

अशात ऑगस्टमध्ये डॉक्टर मंदाकिनी शिंत्रे आल्या. आजऱ्याला त्यांचा दवाखाना. पन्नाशीच्या, केस कापलेल्या, आणि पावसातून आल्या तरी छत्रीबित्री काही नाही. त्यांची गाडी म्हणजे लोक जिला डुक्कर फियाट म्हणतात ती, पाठ गोल असलेली, राखाडी रंगाची, त्यांच्या वडिलांनी घेतलेली. लोक असल्या गाड्या पॉलिश करून घरात ठेवतात. बाई ती रोज चालवायच्या. दर गुरुवारी आंबोली घाट उतरून खालच्या एका गावात रुग्ण तपासायच्या आणि संध्याकाळी परत चढून यायच्या. इंजिन धूर ओकत होतं. त्या मामांना म्हणाल्या, मिस्त्री, मला शर्यत लावायची नाही, फक्त घाट चढताना मागचे ट्रक हॉर्न मारून मला बाजूला काढतात ते थांबवा, आणि घाटाखालच्या पंपावरचं पेट्रोल तिला पचलं पाहिजे. यापेक्षा सरळ मागणी गिऱ्हाइकानं करावी तरी कशी?

त्या गेल्यावर मामांनी हेड ओट्यावर घेतलं. जनावरांच्या दवाखान्यातली मोठी सिरिंज होती त्यांच्याकडं, तिनं तेल भरून ते आतली जागा मोजायचे. तेल मोजलं, भिंतीवर खडूनं गुणाकार केला आणि म्हणाले, “नऊ करू.”

माझ्या हातातला पाना तसाच राहिला. मी म्हटलं, मामा, बाईंना घाट चढायचाय, पेट्रोल तिथलं. आपणच म्हणता पावणेआठ. मामा म्हणाले, पाटलांच्या गाडीला साडेआठ केलं, वर्ष होत आलं, एकदाही तक्रार नाही. अजून जागा आहे. नऊ झालं तर बाईंची गाडी तिसऱ्यात घाट चढेल.

“नऊला ठिणगी केसभर पुढं गेली तरी पिस्टन जाईल,” मी म्हणालो.

“चढावर नीट ऐकलं तर कशाला जाईल?”

मी पाना ओट्यावर ठेवला. पाटलांच्या गाडीची तक्रार का आली नाही हे मला माहीत होतं. माझ्या ठिपक्यामुळं आली नव्हती. ते सांगायचं तर मागची सगळी भानगड बाहेर काढायला लागली असती, आणि इलाहीचंही. दोन वर्षांपूर्वी एक शब्द पुरला असता. आता तो शब्द गॅरेजएवढा झाला होता. मामांनी स्वतः मशीनवर हेड घासलं. हात त्यांचे अजून तिशीतले होते, पाण्यासारखा गुळगुळीत तळ निघाला. मी मनाशी म्हटलं, असू दे, डबा चांगला मागं घेऊ, गाडी जरा मंद होईल, बाईंना काय कळतंय.

सोमवारी गाडी तयार झाली. बाई स्वतः न्यायला आल्या आणि म्हणाल्या, मीही येते चढावर, बघू तरी कसं करता. त्या मागं बसल्या. पाऊस लागला होता. वाघबीळच्या पुढं मामांनी काचा वर घ्यायला लावल्या आणि तिसरा गिअर घातला. काय सांगू, ती गाडी अशी उठली की बाई मागून हसल्याच. आणि लगेच वाटाणे सुरू झाले. नुसते वाटाणे नाहीत, कुणीतरी खडे भरलेत असे. माझ्या पायाला ते फरशीतून लागत होते.

मामांनी गाडी कडेला घेतली, पावसात उतरून डबा अंदाजानं थोडा मागं फिरवला, पुन्हा चढावर घातली. आवाज तसाच.

“वाजतंय काय?”

बाई मागं बसलेल्या. मामांचे डोळे माझ्या तोंडावर. माझ्या तोंडातून सवयीनं तेच निघालं. “नाही, मामा.”

मामा उतरले, खिशातली बाटली काढली, बॉनेटखाली वाकून ठिपका दिला.

मी ठरवलं होतं तसं म्हणालो, गॅरेजवर चला, गाडी एकदा धुवून देतो. बाईंना हसू आलं. पावसात गाडी धुता, असं त्या म्हणाल्या. एक बाळंतीण अडली होती, त्यांना अंधाराआत आजरा गाठायचं होतं. मी म्हटलं, दहा मिनिटं. मामा म्हणाले, जाऊ दे की त्यांना, काय राहिलंय आता? बाईंनी आम्हाला रंकाळ्यापाशी उतरवलं, हात केला आणि गेल्या. गाडीचा मागचा गोल भाग वळणावर दिसेनासा होईपर्यंत मी भिजत उभा होतो. मामा रिक्षा बघत होते.

उद्या सकाळीच आजऱ्याला जातो आणि डबा मागं घेऊन येतो, असं मी स्वतःला सांगितलं. मंगळवारी एका ट्रकवाल्याचं काम अडलं. बुधवारी मामांना ताप होता, गॅरेज सोडवेना. ही कारणं खरी होती, पण मला ती पाहिजेच होती. बाईंना काय सांगून डबा फिरवायचा, हेच मला सुचत नव्हतं. गुरुवारी सकाळची एसटी धरली. दवाखान्यात पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. कंपाउंडर म्हणाला, बाई आठलाच घाट उतरल्या, गुरुवार ना आज.

मी दवाखान्याच्या ओसरीवर बसून राहिलो. खाली जायला गाडी मिळाली असती. मी मनाची समजूत घातली की उतारावर इंजिनला काही होत नाही, आणि संध्याकाळी त्या आल्या की इथंच करून टाकू. चढून यायचं आहे, हे मनात यायचं आणि मी ते बाजूला सारायचो. चार वाजले, पाच वाजले. पाऊस थांबत नव्हता. सहाच्या सुमाराला सावंतवाडीहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरनं कंपाउंडरला निरोप दिला. घाटात डॉक्टरीणबाईंची गाडी चढता चढता एकाएकी जाम झाली. धुक्यात मागून टेंपो आला, त्याला दिसलीच नाही. बाई जिवंत आहेत, खाली दवाखान्यात नेलंय, उजवा हात गेलाय.

हात गेला म्हणजे तुटला नव्हता. मनगट चुरलं होतं. पण ज्या हातानं त्या बायकांची बाळंतपणं करायच्या तो हात पुन्हा कधी पूर्ण वळला नाही.

रविवारी मामा आणि मी त्यांना भेटायला गेलो. मामा खाटेशेजारी स्टुलावर टोपी हातात घेऊन बसले. बाईंनी आम्हाला दोष दिला नाही. मामांच्या तोंडासमोर तोंड करून त्या सावकाश म्हणाल्या, “मिस्त्री, त्या दिवशी पन्हाळ्याच्या चढावर आवाज येत होता. डब्यात खडे घातल्यासारखा. मला वाटलं नव्या इंजिनाचा तसाच येत असेल. हे सर्जेराव नाही म्हणाले, म्हणून मी काही बोलले नाही.”

मामांनी माझ्याकडं बघितलं नाही. परतीच्या एसटीत ते माझ्यापासून लांब, पुढच्या सीटवर खिडकीला बसले.

गाडी ट्रकवर घालून आली. मामांनी एकट्यानं हेड उतरवलं. तिसऱ्या पिस्टनच्या डोक्याला चार आण्याएवढं भोक होतं, कडा वितळलेल्या. मामांनी त्यात करंगळी घातली आणि तशीच ठेवली. असं भोक कशानं पडतं हे उद्यमनगरात कुणालाही विचारा.

“वाजत होतं ना?” ते म्हणाले.

“होय, मामा.”

“पाटलांची गाडी?”

“होय.”

“आणि वकिलांची? इलाही म्हणाला तेव्हा?”

मी मान हलवली. मग सगळंच सांगून टाकलं, ठिपके खरवडत होतो तेही. त्यांना वाईट वाटू नये म्हणून केलं, असंही म्हणालो. ते बोलताना मलाच माझी लाज वाटली.

मामांनी करंगळी काढून पुसली. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते अगदी हळू म्हणाले, “मला ऐकू येत न्हाई हे मला कळत नव्हतं, असं वाटलं व्हय रं तुला?”

मी मान वर केली.

“चाळीस वर्षं मी कानावर भाकरी खाल्ली. कान गेल्याचं मला कळणार न्हाई? तुझ्याआधी कळलं. सांगायला लाज वाटली, ती माझी चूक. पण म्हणूनच तर प्रत्येक गाडीला विचारत होतो. कशासाठी विचारत होतो मी, सर्जेराव? मला ऐकू येत असतं तर तुला कशाला विचारलं असतं?”

मामा पुढं बोलत होते. आठवर तू नाही म्हणालास, सव्वाआठवर नाही, साडेआठवर नाही. मी म्हटलं, मग अजून जागा आहे. नऊ मी नाही केलं, तुझ्या ‘नाही’वर केलं. आणि मग म्हणाले, “पोरगं म्हणालं वाजतंय. तू म्हणालास न्हाई. ते दोन दिवसांचं, तू माझ्या हाताखाली पंधरा वर्षं. मी तुझं खरं धरलं आणि माझं पोरगं खोटं ठरवलं.”

मी त्यांचे पाय धरायला वाकलो. त्यांनी पाय मागं घेतले. म्हणाले, इलाहीला फोन लाव.

शुक्रवारी दुपारी त्याला सुट्टी असायची. कोपऱ्यावरच्या एसटीडीवाल्याच्या काचेच्या खोलीत आम्ही दोघं कसेबसे मावलो. मामांना फोनवर काहीच कळायचं नाही, ओठ दिसत नाहीत ना. ते माझ्या तोंडाकडं बघत उभे राहिले. तिसऱ्या वेळेला फोन लागला. मी माझं नाव सांगितलं. मी घाईघाईनं बोलून टाकलं. वकिलांची गाडी वाजत होती. तू खरं बोललास, मी खोटं बोललो. मामांना मी आता सांगितलंय. मामा इथंच उभे आहेत.

मग इलाही म्हणाला, “दादा, अब्बा बरे आहेत?”

“बरे आहेत.”

“त्यांना सांग, राग नाही. होता, आता नाही. ईदला येतो म्हणावं. सुट्टी मागून ठेवलीय मी आधीच, येऊ का नको कळत नव्हतं.” त्याचा आवाज फाटला. “सांग आत्ता, मी ऐकतोय.”

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी मामांकडं वळून सांगितलं. राग नाही म्हणतोय, ईदला येतो म्हणतोय, सुट्टी मागून ठेवलीय.

मामा माझ्या ओठांकडं बघत होते. मग डोळ्यांकडं बघितलं. “काय म्हणाला ते सांग.”

“हेच म्हणाला, मामा. अल्लाशपथ हेच म्हणाला.”

“असू दे,” मामा म्हणाले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात मला अजून आठवतो, त्यात राग अजिबात नव्हता. “शिव्या दिल्या असतील तर दिल्या. त्याचा हक्क आहे. तू कशाला गोड करून सांगतोस? तू मला नेहमी बरं वाटेल तेच सांगत आलास, सर्जेराव.”

मी रिसीव्हर त्यांच्या कानाला लावला. इलाही पलीकडून ‘अब्बा, अब्बा’ करत असणार. मामांनी क्षणभर तो धरला, मान हलवली आणि माझ्या हातात परत दिला. मी काचेवर हात मारून एसटीडीवाल्याला बोलावलं, म्हटलं तुम्ही ऐका आणि यांना सांगा. तो उठून येईपर्यंत लाईन तुटली. पुन्हा लावतो म्हटलं तर मामांनी हात वर केला आणि बाहेर पडून चालायला लागले. रस्ता ओलांडताना त्यांनी दोन्हीकडं नीट बघितलं, हॉर्न ऐकू येत नाही म्हणून बघतात तसं. इतकी वर्षं ते तसंच बघत होते. मला ते त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

मी त्याच संध्याकाळी इलाहीला पत्र टाकलं की तू स्वतःच्या हातानं अब्बांना दोन ओळी लिही, माझ्या तोंडावर त्यांचा भरवसा राहिलेला नाही. मस्कतला पत्र जायला पंधरा-वीस दिवस लागायचे, यायला तेवढेच. मामा रोज गॅरेजवर यायचे. बाईंच्या फियाटचं इंजिन त्यांनी नव्यानं बांधलं. जुनं हेड बाजूला ठेवून दुसरं आणलं आणि सात केलं. चढावर नेली नाही. डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, तुझा तू लाव, ठिपका तुझा तू दे. मला काही विचारलं नाही. मी एकटाच वाघबीळला गेलो, काचा वर घेतल्या, ऐकलं. गाडी अगदी गप्प चढत होती. ते सांगायला परत आलो तेव्हा मामा घरी गेले होते.

फोननंतर बाराव्या दिवशी मामा पहाटे नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूला, उठले ते तिथंच बसले. मामींनी हाका मारल्या. माझ्याकडं निरोप आला तोवर सगळं संपलं होतं.

इलाहीला विमान मिळायला चार दिवस गेले. माती झालेली होती. एसटीतून उतरला तोच कब्रस्तानात आला. मी तिथंच होतो, रोज जात होतो. ओल्या मातीच्या ढिगाजवळ तो बराच वेळ बसला. माझं पत्र त्याला मिळालं नव्हतं. उठल्यावर त्यानं गुडघ्यावरची माती झटकली आणि माझ्याजवळ आला.

“फोनवर सांगितलं होतंस ना त्यांना? येतो म्हणून?”

“होय. सगळं सांगितलं.”

“मग काय म्हणाले?”

खूश झाले म्हणायला एक सेकंद लागला असता. शब्द जिभेवर आलेलाच होता. त्या पोराचं तोंड बघून कुणीही तेच म्हणालं असतं.

“त्यांचा विश्वास बसला नाही,” मी म्हणालो.

त्याचा चेहरा उतरला. “माझ्यावर?”

“नाही,” मी म्हणालो. “माझ्यावर.”